फट भरली, भार कुणी घ्यायचा?

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं उतरतात-उडतात. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळवला, तो याच क्लबात मुंबईला शिकून. शिरपूरला एनएमआयएमएसची विमान अकादमी आहे. जळगावच्या विमानतळावर फ्लाय९१ची एटीआर ७२ येते, आणि त्याच धावपट्टीवर वैमानिक घडवण्याचं कामही चालतं. खानदेशातल्या आकाशात दिसणारं विमान बऱ्याचदा एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात असतं, ते असं.

शिकाऊ विमानाचं आयुष्य प्रवासी विमानापेक्षा खडतर. प्रवासी विमान दोन-दोन तास उडून एकदा उतरतं. शिकाऊ विमान तासाभरात सहा-आठ वेळा जमिनीला चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा उठतं. त्यातही टेकवणारा नवखा. मागची दोन चाकं आधी टेकायला हवीत, पण कधी घाईत पुढचं चाकच आदळतं. सेस्ना १७२सारख्या विमानात या पुढच्या चाकाचा दांडा इंजिनामागच्या पोलादी पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, जोडलेला असतो. धक्का तिथं पोचतो आणि पत्र्याला सुरकुती पडते. कधी फायरवॉलच्या कडेचे रिव्हेट सैल होतात, कधी लगतच्या तळपत्र्याला बाक येतो. वैमानिकाला वरून काही दिसत नाही. इंजिनाचं झाकण काढून टॉर्च मारणाऱ्या मेकॅनिकला मात्र ते लगेच दिसतं.

मोटारगाडीचा पत्रा चेपला तर ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून भागतं, कारण गाडीच्या दारावरच्या पत्र्यावर गाडीचं वजन नसतं. विमानाचं तसं नाही. त्याचा बाहेरचा पत्रा हे नुसतं आवरण नसून सांगाड्याचाच भाग असतो. पंखावर हवेची उचल येते, शेपटीकडून पीळ येतो, चाकांकडून धक्का येतो, आणि हे सगळं आतल्या कड्या-पट्ट्यांइतकंच बाहेरचा पत्राही वाहतो. छोट्या विमानात या पत्र्याची जाडी अर्धा ते एक मिलिमीटरच्या आसपास. धातू बहुधा २०२४ क्रमांकाचं ॲल्युमिनियम, ज्यात तांबं मिसळलेलं असतं आणि वर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. तांब्यामुळे ताकद येते, वरच्या थरामुळे गंज लांब राहतो. या मिश्रधातूंच्या घराण्याची सुरुवात जर्मनीच्या आल्फ्रेड विल्म यांनी १९०६च्या सुमाराला लावलेल्या शोधातून झाली. धातूची विमानं रुळल्यापासून विमानाची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः पत्रा आणि रिव्हेट यांचं काम.

बाक आलेला भाग कापून काढायचा, त्या जागी नवा पत्रा चढवायचा, आतून कोन किंवा पट्टी लावून बळ द्यायचं आणि रिव्हेट ठोकायचे. ऐकायला सोपं. अडचण येते ती दोन भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत तिथं. समजा, आतून लावायचा कोन फुटभर लांब आहे. त्याचा अर्धा भाग एकाच पत्र्यावर बसतो आणि उरलेला अर्धा जिथं आधीच दोन पत्रे एकावर एक आहेत तिथं. मग एका बाजूला एका पत्र्याच्या जाडीइतकी पायरी तयार होते आणि कोनाखाली फट राहते. यावर दोन उपाय. कोनालाच यंत्रात दाबून पायरीचा आकार द्यायचा, त्याला जॉगल म्हणतात. किंवा फटीत नेमक्या जाडीची पट्टी सरकवायची. ही पट्टी म्हणजे शिम. पंपाच्या मोटारीखाली किंवा लेथखाली पातळी साधायला घालतात तीच शिम, पण इथं तिच्यावरची जबाबदारी फार वेगळी.

फट तशीच ठेवून रिव्हेटनेच दोन्ही पत्रे आवळून घेतले तर काय होतं? दोन गोष्टी बिघडतात. पहिली, पत्रा जबरदस्तीने वाकवून खाली आणलेला असतो, त्यामुळे विमान उडण्याआधीच त्याच्यात ताण कोंडलेला असतो. उड्डाणातला ताण त्यावर चढतो आणि भेग लवकर सुरू होते. दुसरी गोष्ट रिव्हेटच्या स्वभावातली. रिव्हेट ठोकताना एका बाजूने हवेच्या दाबाची गन आणि दुसऱ्या बाजूने पोलादाचा जड ठोकळा, ज्याला बकिंग बार म्हणतात. त्या दाबाखाली रिव्हेटचा दांडा फुगतो आणि भोक घट्ट भरून काढतो. हेच त्याचं बळ. पण दोन पत्र्यांमध्ये मोकळी जागा असेल तर धातू तिथंही फुगतो. आत एक कडं तयार होतं आणि ते दोन्ही पत्र्यांना कायमचं दूर धरून ठेवतं. बाहेरून डोकं छान गोल दिसतं, आतला सांधा मात्र पोकळ राहतो.

म्हणून रिव्हेटच्या आधी फट मोजायची. वाल्व्हची फट तपासायला मोटर मेकॅनिक जे फीलर गेज वापरतो, तेच इथंही. विमानाच्या कामात अजून इंच चालतो आणि फट ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. एक थाऊ म्हणजे सुमारे ०.०२५ मिमी. बऱ्याच कामांत पाच थाऊपर्यंतची फट शिमशिवाय सोडता येते. त्याहून मोठी फट भरावी लागते.

भरण्याचे मार्ग तीन. पहिला, अखंड पत्र्याची शिम, शक्यतो मूळ पत्र्याच्याच धातूची. दुसरा, थरांची शिम. ॲल्युमिनियमचे दोन किंवा तीन थाऊचे पापुद्रे एकावर एक चिकटवून ती बनवलेली असते. पातळ पात्याने हवे तेवढे पापुद्रे सोलून काढायचे आणि जाडी फटीला जुळवायची. तिसरा मार्ग द्रवरूप शिमचा. दोन भागांचं इपॉक्सी कालवून फटीत भरायचं, ते वाळून दगडासारखं घट्ट होतं. फट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असेल, तर हे फार सोयीचं.

इथपर्यंत शिमचं काम फक्त जागा भरण्याचं आहे. खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. शिम जाड असेल तर जागा भरूनही सांधा कमजोर राहतो.

दोन फळ्या एकमेकींना चिकटवून खिळा ठोकला आणि एक फळी वर, एक खाली ओढली, तर खिळा कापला जाण्याच्या दिशेने जोर घेतो आणि सहज टिकतो. त्याच दोन फळ्यांमध्ये बोटभर जाड गत्ता घालून तोच खिळा ठोकला, तर तेवढ्याच जोराने खिळा वाकतो. गत्त्यामुळे जागा भरली, पण गत्त्याने जोर काही घेतला नाही. सैल शिमच्या बाबतीत रिव्हेटचं अगदी हेच होतं.

हे आकड्यांत पाहू. एक-एक मिलिमीटरचे दोन पत्रे एकमेकांवर टेकलेले आहेत. दोन्ही पत्र्यांतला जोर साधारण त्यांच्या जाडीच्या मध्यातून जातो, म्हणजे दोन जोरांच्या रेषांमध्ये अंतर एक मिलिमीटर. मध्ये एक मिलिमीटरची सैल शिम घातली की हे अंतर दोन मिलिमीटर झालं. जोर तोच, पण रिव्हेटला वाकवणारा पीळ दुप्पट. रिव्हेट तिरका होतो, भोकाच्या एकाच कडेवर दाब येतो, भोक हळूहळू लांबट होतं आणि त्या कडेपासून भेग निघते. तीच शिम फक्त ०.१ मिमीची असती तर वाढ दहा टक्क्यांच्या आसपास राहिली असती. पातळ शिम खपते आणि जाड शिम खपत नाही, त्यामागचा हिशेब हा. पातळ की जाड हे ठरतं पत्र्याच्या जाडीशी तुलना करून. एटीआरच्या जाड जोडावर जी शिम नगण्य, तीच सेस्नाच्या पत्र्यावर जाड ठरते.

मग जाड शिम टाळता येत नसेल तेव्हा काय? उत्तर आहे, शिमला भार वाहायला लावायचं. तिला सांध्याच्या आत दडवून न ठेवता सांध्याच्या बाहेर लांबवायचं आणि त्या बाहेरच्या भागात तिला तिचे स्वतःचे रिव्हेट द्यायचे. हे जादा रिव्हेट फक्त शिम आणि तिच्या शेजारचा पत्रा या दोघांनाच धरतात. त्यांच्यामुळे पत्र्यातला जोर सांध्याला पोचण्याआधीच थोडा शिममध्ये उतरतो. सांध्याशी येईपर्यंत पत्रा आणि शिम मिळून एकच जाड पत्रा झालेला असतो आणि मुख्य रिव्हेटला वाकवणारा सैल थर उरत नाही. अशी शिम मग सांगाड्याचा भाग असते. तिला स्ट्रक्चरल शिम म्हणतात, आणि तिचं स्ट्रक्चरलपण या बाहेरच्या रिव्हेटांमधून येतं. जाड, चांगल्या धातूची, नेमकी कापलेली शिमही जादा रिव्हेटांशिवाय भरणीच राहते.

जादा रिव्हेट किती, याचाही हिशेब आहे. पत्रा एक मिलिमीटर आणि शिम अर्धा मिलिमीटर असेल, तर दोघांच्या एकूण जाडीत शिमचा वाटा एक तृतीयांश. म्हणून एकूण जोराचा एक तृतीयांश भाग शिममध्ये उतरवता येईल एवढे रिव्हेट हवेत. मुख्य सांध्यात बारा असतील तर त्याच मापाचे जादा चार. शिम पत्र्याइतकीच जाड असेल तर वाटा निम्मा आणि जादा रिव्हेट सहा. प्रत्यक्ष विमानावर आकडा विमान बनवणाऱ्याच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधून किंवा त्याच्या इंजिनिअरकडून येतो, हँगरमध्ये बसून कुणी ठरवत नाही. पण मॅन्युअलमधली ती लांबवलेली पट्टी आणि तिच्यावरची जादा ओळ कशासाठी आहे, हे या हिशेबावरून कळतं.

जागेचा प्रश्नही इथंच येतो. रिव्हेट कुठंही ठोकता येत नाही. पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या मध्यापर्यंत किमान दोन व्यास अंतर हवं, नाहीतर कड फाटते. डोकं पत्र्यात बुडवलेला रिव्हेट असेल तर अडीच व्यास. दोन रिव्हेटांमध्ये किमान तीन, आणि सहसा चार व्यास. एक सुताचा, म्हणजे १/८ इंचाचा रिव्हेट घेतला तर व्यास ३.२ मिमी. सांध्याच्या शेवटच्या ओळीपासून जादा ओळीपर्यंत चार व्यास ठेवले आणि त्यापुढे कडेपर्यंत दोन, तर शिम शेवटच्या ओळीच्या पलीकडे सुमारे १९ मिमी लांब हवी. विमानाच्या अरुंद कोपऱ्यात एवढी जागा कित्येकदा नसते. तिथं एखादी आडवी कडी, वायरचा झुबका किंवा पेट्रोलची नळी आडवी येते. मग जॉगल करायचा की दुरुस्तीचा आराखडाच बदलायचा, असा विचार करावा लागतो. शिम लहान कापून वेळ मारून नेण्याचा मोह होतो तो इथंच.

शिम घातली की रिव्हेटची लांबीही बदलते. नियम असा, की सगळ्या थरांची जाडी अधिक दीड व्यास. एक-एक मिमीचे दोन पत्रे आणि ३.२ मिमीचा रिव्हेट असेल तर सुमारे ६.८ मिमी लांबी. मध्ये अर्ध्या मिलिमीटरची शिम आली की ७.३. ठोकल्यावर आतलं डोकं दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच व्हायला हवं. रिव्हेट आखूड पडला तर डोकं चपटं होतं, लांब पडला तर कलंडतं. आणि सगळे थर एकत्र धरूनच भोक पाडायचं. त्यासाठी क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना भोकाभोकांतून लावून सगळं घट्ट बसवतात, मग भोकं पूर्ण मापाला आणतात, पुन्हा सगळं सुटं करतात, भोकांच्या कडेच्या धारा काढतात, मधला कीस पुसतात आणि शेवटचं जोडतात. दोन थरांमध्ये अडकलेला एक बारीक कीसही पाच थाऊंची फट तयार करू शकतो. फट मिटवण्यासाठी केलेली शिम आणि फट पुन्हा तयार करणारा कीस, दोन्ही एकाच सांध्यात सापडतात.

हा नियम विमानांपुरता नाही. लोखंडी इमारतींसाठीच्या आयएस ८००:२००७ या भारतीय मानकात जोडणीतल्या पॅकिंग प्लेटचा नियम आहे. प्लेट ६ मिमीपेक्षा जाड असेल तर बोल्टची धरलेली ताकद कमी करायची, आणि दर मिलिमीटर जाडीमागे ही घट १.२५ टक्का. १६ मिमीच्या प्लेटला बोल्टची ताकद २० टक्के कमी धरावी लागते. अमेरिकी मानकांमध्ये दुसरा पर्यायही दिलेला असतो. ताकद कमी धरायची नसेल तर ही प्लेट सांध्याबाहेर लांबवा आणि तिला जादा बोल्ट द्या. गिरणीच्या छपराच्या कैचीत आणि सेस्नाच्या फायरवॉलमध्ये तत्त्व एकच आहे, फरक एवढाच की कैचीत जादा पोलाद घालायला कुणाची हरकत नसते आणि विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो.

पट्टीने भार घ्यायचा की फक्त जागा भरायची, हा फरक किती महाग पडू शकतो याचा सर्वांत भीषण दाखला जपानचा आहे. जून १९७८ मध्ये जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाची शेपटी ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. शेपटीतला हवेचा दाब अडवणारा घुमटाकार पडदा बोइंगच्या माणसांनी दुरुस्त केला. जुना आणि नवा भाग जोडताना एका जागी मधोमध एक अखंड पट्टी घालायची होती, तिच्यातून जोर एका बाजूच्या ओळींकडून दुसऱ्या बाजूच्या ओळींकडे जाणार होता. प्रत्यक्षात तिथं पट्टीचे दोन तुकडे बसवले गेले. तुकडे जागा भरत होते, पण दोघांमधून जोर जाण्याचा मार्ग तुटला होता आणि सगळा भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर पडत होता. वरून पाहणाऱ्याला सगळं भरलेलं दिसे. विमान आणखी सात वर्षं, बारा हजारांहून अधिक उड्डाणं करत राहिलं आणि प्रत्येक उड्डाणात दाब चढत-उतरत त्या ओळीवर भेगा वाढत गेल्या. १२ ऑगस्ट १९८५ला पडदा फाटला, उभी शेपटी उडाली, नियंत्रणाचं हायड्रॉलिक तेल गेलं आणि ५२४ पैकी ५२० माणसं गेली. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसं आजवर दुसऱ्या कुठल्याही वेळी गेलेली नाहीत.

त्या मानाने अलीकडचं प्रकरण शांत होतं, पण किंमत तिथंही मोठी होती. बोइंग ७८७च्या मागच्या धडाचे दोन भाग जिथं जुळतात, तिथं काही विमानांत चुकीच्या मापाच्या शिम बसल्या होत्या, आणि त्याच जागी आतला पृष्ठभागही पुरेसा सपाट नव्हता. दोन्ही उणिवा एकाच सांध्यात आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये अशी आठ विमानं उड्डाणांतून बाजूला काढली गेली. पुढं तपासण्या वाढल्या, मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात नव्या ७८७ विमानांची सुपूर्दगीच थांबली होती. पाच थाऊंच्या मर्यादेवरून विमान बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी वर्षभर अडून बसली.

खानदेशातल्या हँगरमध्ये या सगळ्यात हवेची भर पडते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. द्रवरूप शिमचं इपॉक्सी कालवल्यावर ठराविक वेळच लावण्याजोगं राहतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही वेळ साधारण निम्मी होते. पंचवीस अंशांना अर्धा तास मिळत असेल तर पस्तीसला पंधरा मिनिटं, पंचेचाळीसला त्याहूनही निम्मी. म्हणून हे काम सकाळी लवकर उरकणं शहाणपणाचं. पोलादी फायरवॉलला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडताना उन्हाचा आणखी एक त्रास आहे. एक मीटर लांबीवर तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे ०.२ मिमी जास्त वाढतं. सकाळी पाडलेली भोकं दुपारी जुळत नाहीत, ती अशी. खानदेशाच्या कोरड्या हवेचा फायदाही आहे. जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात दोन वेगळ्या धातूंचा सांधा लवकर पोखरतो, धुळ्यात तो वेग कमी. तरीही पावसाळा आहेच, म्हणून शिमच्या दोन्ही बाजूंना रंगाचा प्राइमर आणि सीलंट लावूनच ती बसवतात. शिम घातली म्हणजे पाणी शिरायला एकाऐवजी दोन फटी झाल्या.

या कामावर सही करायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो डीजीसीएचा परवानाधारक विमान देखभाल अभियंता. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी बी१.२ हा वर्ग. त्याने प्रमाणपत्रावर सही केल्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही. सही करताना तो रिव्हेटची चकाकी पाहत नाही. तो विचारतो, फट किती होती, शिम किती जाडीची घातली, मॅन्युअलच्या कुठल्या आकृतीनुसार, आणि त्या जाडीला जादा रिव्हेट लागत होते का. उत्तरं नोंदवहीत लिहून ठेवायची असतात, कारण पुढच्या तपासणीत ती शिम दिसणार नसते.

नाशिकजवळ ओझरला १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना लढाऊ विमानं बांधतो. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचं केंद्र उभं आहे. धुळे-जळगाव या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतं. इथल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला पत्रा कापता येतो, रिव्हेटही ठोकता येतो, ते हातातलं कौशल्य. विमानाच्या पत्र्याला त्यासोबत जोराचा मार्ग शोधणारी नजर लागते. कुठून भार आला, कशातून गेला, कुठं पोचला, हे कागदावर आधी काढता आलं की शिम किती लांब कापायची आणि तिला किती रिव्हेट द्यायचे हे आपोआप ठरतं. ज्या पट्टीकडे भाराचा मार्ग नाही तिला भार घेणारी समजून चालायचं नाही, हा नियम शिकायला एक सेस्ना आणि एक फीलर गेज पुरेसे आहेत.